शंभरातला बेचाळिसावा

पात्याच्या मुळाशी, नखाएवढ्या जागेत कोरलंय:
४२ / १००.
जपानातल्या कुठल्याशा गावी एका म्हाताऱ्यानं
शंभर चाकू घडवले आणि भट्टी विझवली,
असं निदान सोबतच्या कागदावर तरी आहे.
घडी घातली की तळहातात मावतो.
उघडला की पोलादात वळ्या दिसतात,
ओहोटीनंतर माहीमच्या वाळूवर उरतात तशा.

बेलार्ड पिअरच्या टपाल कचेरीत
कस्टमवाला अंगठ्यावर धार बघणार
तेवढ्यात मी ओरडलो, ‘बोट लावू नका!’
त्याला वाटलं, मला त्याच्या बोटाची काळजी.
मला ठशाची होती.
‘कशासाठी मागवलाय?’
‘संग्रह.’
‘म्हणजे कापायला नाही?’
‘नाही.’
वाढलेल्या ताटावरून उठणाऱ्याकडे बघावं
तसा तो बघत राहिला. मग शिक्का मारला.

गिरगावात मी चष्म्याच्या काचा घासतो. एकतीस वर्षं.
लोकांना जवळचं दिसावं म्हणून.
घरी कपाटात अडतीस चाकू, मलमलीत,
प्रत्येकाला तेलाचं एक बोट.
खंडेनवमीला पाटावर मांडतो.
कुंकू लावू देत नाही, गंज धरतो.
बायको दुरूनच अक्षता टाकते
आणि विळीला मात्र ठसठशीत बोट ओढते:
‘हिनं तरी वर्षभर काही केलंय.’

एक्केचाळिसावा ताडदेवला होता.
नोशिर कापडिया. सात वर्षं नुसता फोन.
पोलाद, खटका, तेल कुठलं.
तो डावखुरा होता
हे मला तो गेल्यावर कळलं.

पेरीनबाईंनी बोलावलं. बारा चाकू टेबलावर,
अकरा डब्यांत, जसेच्या तसे.
‘सगळा घेऊन जा. मला काय करायचा?’
मी बाराव्याकडे हात नेला.
‘ए नाय. ए तर दुधाचा हाय.’

दुधाचा.
रोज सकाळी पिशवीचा कोपरा.
सांध्यात साय वाळून पिवळी झालेली,
धार रस्त्यावरच्या चाकवाल्याकडून, तीही उलट्या अंगानं,
आणि वळ्या? पार पुसट.
जपानातला म्हातारा रडला असता,
किंवा नसता, मला काय ठाऊक.
अंगठ्यानं नुसतं सुचवलं
आणि तो उघडला.
माझा सात वर्षांत नऊ वेळा उघडलाय,
अजून कुरकुरतो, नव्या चपलेसारखा.

‘नोशिर बोलायचा, एकदा दोन्ही बाजूबाजूला ठेवू.
तुमचा आणला?’
नव्हता आणला.
‘हवा दमट आहे,’ मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत. पेरू चिरायला घेतला,
त्याच चाकूनं, बियांना न घाबरता,
आणि मीठ लावून एक फोड
टोकावरच माझ्यापुढे धरली.
आमच्यात सुरी हातोहात देत नाहीत,
खाली ठेवतात, दुसऱ्यानं उचलायची,
नाहीतर भांडण होतं म्हणतात.
मी फोड तेवढी घेतली.
सुरी त्यांच्याच हातात राहिली.

अकरा घेऊन आलो. एकूण एकोणपन्नास.
आकडा चांगला आहे, पुढच्याला वाव आहे,
असं टॅक्सीत स्वतःला सांगितलं.
दातांत पेरूची बी अडकलेली,
ती घरापर्यंत निघाली नाही.

आज सकाळी फुलपुडी आली.
केळीचं पान, वर दोरा, गाठ नेहमीची चिवट.
एकतीस वर्षं मी ती दातांनी तोडतो.
पुडी ओठांपर्यंत नेली.
बायको स्वयंपाकघरातून म्हणाली,
‘देव पारोसे बसलेत.’
कपाटाची किल्ली जानव्याला.
पुडीतून पाणी ठिबकतंय मनगटावर.