एकच दार

जुन्या बाजारातून आणलं तेव्हा ते संडासाचं दार होतं,
हे मी नीलांबरीबाईंना अजून सांगितलेलं नाही.
साडेचारशे रुपये, टेम्पोचे वेगळे.
भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात
एका बंद वखारीचं थिएटर झालं त्या वर्षी.
सत्याऐंशी खुर्च्या, दोन पंखे,
आणि भिंतींत भुसा असा मुरलेला
की पहिल्या अंकात कुणीतरी शिंकणारच.

पहिल्या मोसमात ते हिरवं होतं.
एक बाप त्यातून आत यायचा
आणि तीन मुली उठून उभ्या राहायच्या.
एवढंच नाटक, पावणेदोन तास.
पेपरात आलं, ‘या दाराला स्वतःचं मौन आहे.’
मौन कसलं, बिजागऱ्यांना खोबरेल घालत होतो मी,
रोज सहाला, चहाच्या आधी.

मग निळं. मग कोर्टाचं, पॉलिश मारून.
मग दवाखान्याचं, पांढरं, वर गोल काच;
ती बसवताना अंगठा कापला,
आणि जो डाग पडला तो बाई म्हणाल्या, राहू दे.
बक्षिसं आली. मुंबईहून गाड्या आल्या,
बोळात वळेनात, तशाच उलट्या बाहेर गेल्या.
पत्रकात शेवटच्या पानावर मी: ‘रंगमंच साहाय्य, वि. पांचाळ.’
मी वामन. तीन मोसम सांगितलं,
मग वि. म्हणूनच सही करायला लागलो.

समोरून मी एकही नाटक पाहिलेलं नव्हतं.
माझं नाटक पाठमोरं:
नटाच्या कोटाला मागून टोचलेल्या पिना,
फटीतून दिसणारी अर्धी बाई,
एन्ट्रीच्या आधी तिने पोटात ओढलेला श्वास.
कुठल्या वाक्याला लोक रडतात
ते मला नाकांच्या आवाजावरून पाठ.

दार पावसाळ्यात फुगायचं, अडायचं.
प्रत्येक नव्या पोराला मी शिकवायचो:
डावा पंजा कडीच्या वर वीतभर, दाब,
मग उजव्या खांद्याने जरासं रेट.
जोर नको. ते रुसतं.

यंदा कोंढव्याचा सुफियान बागवान आला,
चोवीस वर्षांचा, वहीला रबर लावून.
वाचन झालं. बाई डोळे पुसत म्हणाल्या,
“पांचाळ, यात दार नाही.”
म्हटलं, खिडकी?
“काहीच नाही. मोकळं.”
मोकळं करायला मला दोन दिवस लागले.
दार मागच्या भिंतीला टेकवलं,
तोंड भिंतीकडे.

शुक्रवारी मला खुर्ची मिळाली. शहाऐंशी नंबर, खांबाशेजारी.
हातांचं काय करायचं ते कळेना.
दिवे गेले. कुणीतरी शिंकलं. दिवे आले.
मैथिली दुधाणे काळ्या फळ्यांवरून चालत आली,
बारा वर्षांनी भावाच्या घरी आलेली बहीण,
आणि जिथे काहीच नव्हतं तिथे थांबली.
डावा पंजा उचलला.
हवेत, वीतभर वर,
दाबला.
मग उजवा खांदा. जरासा.

मला पुढचं नाटक नीट दिसलं नाही.

रविवारच्या पुरवणीत समीक्षकांनी लिहिलं,
‘अवकाशाला स्पर्श करणारी अमूर्त देहबोली.’
बाईंनी कात्रण फलकावर टाचलंय.
असेल.
त्या दिवशी मी पाचलाच गेलो.
दार होतं तसंच, खालच्या कोपऱ्यात ओल धरलेलं.
पटाशी घेऊन जरा खरवडलं:
पांढऱ्याखाली कोर्ट निघालं,
कोर्टाखाली निळं, निळ्याखाली हिरवं,
आणि हिरव्याखालचा रंग लागायच्या आत
हात आवरला.
बाई चहा घेऊन येत होत्या.