फलकात न मावलेलं

साहेब म्हणाले, चाळीस शब्दांत लिहा,
पत्र्यावर तेवढेच बसतात.
मी लिहिलं : येथील साग जहाजबांधणीसाठी जात असे.
पाच झाले, सहाव्याला हात अडला.

मग मावजी भोयेला घेऊन हरणटेकडी चढलो,
पेठच्या पुढे, जिथे रस्ता घाट सोडून देतो.
शाळेत शिकलो होतो, नाशिकचं पाणी पूर्वेला जातं.
इथलं पश्चिमेला उतरतं,
आणि पूर आला की त्याच्या पाठीवर
ओंडके उतरायचे.

मावजीचा पणजा सरळ झाडाकडे बघायचाही नाही.
सरळ काय, कुणीही तोडेल.
त्याला हवं वाकडं :
कड्याला लटकून उजेडासाठी मान वळवलेलं,
लहानपणीच वाऱ्याने कमरेत घेतलेलं.
गलबताच्या बरगडीला तसलंच लागतं,
कुऱ्हाडीने वाकवलेलं चालत नाही.

खालून साल गोल सोलायची
आणि निघून यायचं.
दोन पावसाळे झाड उभ्या उभ्या मरायचं.
मग ते तरंगतं.
हिरवं बुडतं, मावजी म्हणाला,
आणि बिडी टाचेखाली दोनदा विझवली.

बोटीच्या पुढच्या तोंडाला नाळ म्हणतात,
हे मला डहाणूच्या एका सुताराने सांगितलेलं.
मावजी हसला. आमची पुरलीय की इथंच,
बापाची, आज्याची, सागाच्या बुंध्याशी.
त्यातली कुठली झाडं समुद्रात गेली
कोण बघायला गेलंय?
त्याने समुद्र पाहिलेला नाही.
पणज्यानेही नव्हता पाहिला.

खुंटाचा घेर टेपने घेतला, टेप पुरली नाही.
कडेने फुटवे आलेले, मनगटाएवढे.
एक कोवळं पान चोळलं,
तर बोटं लाल,
घरी येऊन साबणाने धुतली तरी.

गुरुवारी फलक लागला.
पेंटरच्या ब्रशातून एक टिंब जास्तीचं पडलंय :
येथील सांग जहाजबांधणीसाठी जात असे.
साहेब म्हणाले, पुसून घ्या.
रॉकेलचा बोळा घेऊन गेलो तेव्हा
मावजी फलकासमोर उकिडवा बसलेला,
वाचता येत नाही त्याला.
काय लिहिलंय, त्याने विचारलं.

बोळा अजून खिशात आहे.
शर्टाला वास येतो.