पाव फेरा

शनिवारी दोन ते चार, वारा असेल तर.
पाटीवर एवढंच.
ग्रोनिंगनच्या उत्तरेला, जिथे रस्ता बंधाऱ्याला टेकून संपतो,
आम्ही सातजण
आणि सायकल गवतात टाकून आलेला एक मुलगा,
ज्याला फक्त वर जायचंय.

च्यार्ड चाळीस वर्षं दातांचा डॉक्टर होता.
आता भुवयांपर्यंत पीठ.
चाकाच्या लाकडी दात्यांना मेण चोळत म्हणतो,
"यातला एकही कधी ठणकत नाही."
विनोद दर शनिवारचा असावा;
त्याची बायको खिडकीबाहेर बघते.

जिन्याला जिना म्हणणं धाडसाचं.
दोर धरून, पावलं आडवी टाकत
आम्ही दगडांच्या मजल्यावर येतो.
वरची तळी जुनी, विजेच्या आगीतून उरलेली,
खालची नवी.
टाकी दोन्हींना एकाच हाताची, वुब्बोची.
छप्पर त्याचं, दाते त्याचे, हा कठडासुद्धा.
"सात हिवाळे लागले त्याला," च्यार्ड म्हणतो
आणि पुढचं वाक्य
वैरणीसारखं मुठीतच ठेवतो.

मग ब्रेकचा दोर सोडतो.
आधी काहीच नाही.
मग सगळी चक्की बोटीसारखी करकरते,
खिडकीवरून एक सावली जाते, दुसरी जाते,
आणि तळपायांना कळतं की खाली दळण सुरू झालंय.
च्यार्ड कोमट पीठ चिमटीत घेऊन
अंगठा फिरवतो,
कुणाचा ताप बघावा तसा.

चार वाजता तो पाती थांबवतो.
वरचं पातं माथा ओलांडून, किंचित पलीकडे.
कुणी गेलं की इथली ही रीत.
वुब्बो मंगळवारी गेला.
सपाट शेतांतून हे फार लांबवर दिसतं.

खाली बाकावरून आफ्के काठी उचलते:
"अलीकडे घे."
"पण आफ्के, अलीकडे म्हणजे
बारसं, लग्न, कुणीतरी येतंय..."
"मला शिकवू नकोस.
बावन्न वर्षं तो जेवायला उशिरा आला.
पण यायचा."

च्यार्ड ढगांकडे बघतो, दोराकडे बघतो.
पाती उलटी फिरत नाहीत.
अलीकडे यायचं तर
जवळजवळ पाव फेरा पुढेच जावं लागतं,
दुसऱ्या पात्याला वर आणावं लागतं.
तो दोर ढिला करतो. आम्ही मान वर करून उभे.
चुकतं. पुन्हा एकदा.
मग थांबते, माथ्याच्या हातभर आधी.

"कोण येतंय?" मुलगा विचारतो.

आफ्के दोन किलो पीठ घेते,
सुटे पैसे मोजून देते.