व्हिनेगर

झोंबाच्या दवाखान्यात आज वीज नाही.
म्वायिवावो टॉर्च दातांत धरते,
बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून टेकवते आत,
आणि मनात साठपर्यंत मोजते.

एनेलेसी छताकडे बघत बोलत राहते :
चिल्वा सरोवर आटलंय, मासळी बोटभर,
थोरलीला शाळेत लस टोचली, दंड दुखतोय म्हणे.

वीसेक वर्षांपूर्वी
एक कडं शिरलं होतं तिच्यात,
आठ हजार अक्षरांचं.
त्याचा त्यालाच लगाम होता, ई-टू नावाचा.
आवाज खाली, म्हणायचा तो इतर जीन्सना,
घर आपलं नाही.
ते कुजबुजत राहिले.

मग एका पेशीत कडं तुटलं,
तुटलं नेमकं लगामापाशी,
आणि शिवलं गेलं तिच्या गुणसूत्रात,
कमरेच्या चितेंजेला परक्या कापडाचं ठिगळ लागावं तसं.
आता ई-सिक्स राखणदाराला कचऱ्यात लोटतो,
ई-सेव्हन दाराची कडीच काढून ठेवतो.
पेशी दुभंगते, दुभंगते,
पुरे म्हणणारं कुणी नाही.

गंमत अशी, गंमत कसली,
यात विषाणूचंही भलं नाही.
शिवला गेलेला बाहेर पडत नाही,
त्याचा वंश तिथेच खुंटतो.
कुणाच्याच कामाची नाही ही वाढ.

साठ.
उजेडात एक डाग पांढरा होत आलाय,
नखाएवढा, कडा स्पष्ट.
"लहान आहे, आजच जाळून टाकू,"
म्वायिवावो म्हणते. टॉर्च अजून दातांत,
शब्द नीट उमटत नाहीत.

"काय?" एनेलेसी मान उचलते.