नोंद

रात्री दहाला सावद्याच्या फीडरवर थ्री फेज येते
आणि केळीच्या शिवारात एकदम मोटारी उठतात.
पहिला धक्का माझ्या स्पीकरला.
घूंऽऽ
जणू डबाभर गांधीलमाश्या कुणी
फडक्याखाली झाकून ठेवल्यात.

तक्रार-बिक्रार केली नाही.
एकतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली,
लाइन कुणाची नसते हे मला कुणी शिकवायला नको.
तिचा भरवसा नाही म्हणूनच तर
रिले रूममध्ये आम्ही बॅटऱ्यांच्या रांगा पाळल्या.

फैजपूरला सुपडू झोपेच्या दुकानातून
ट्रॅक्टरच्या दोन आणल्या. एकामागे एक जोडल्या,
चोवीस व्होल्ट. मध्ये फ्यूज, टोकांना व्हॅसलीन.
दिवसभर चार्जर. संध्याकाळी प्लग ओढून
भिंतीपासून हातभर लांब टाकायचा.

मे महिन्यात पाणी भराभर उडतं.
एकेका घरात डिस्टिल्ड वॉटर सोडताना
द्वारका दारातून म्हणते,
"देवाले नई घालत इतकं पानी याले घालता."
माझ्या तीन लेंग्यांना ॲसिडची भोकं आहेत.
ती भोकं मोजते. मी हायड्रोमीटर वाचतो:
बाराशे साठ.

पहिल्या रात्री ॲम्प्लिफायर चालू केला
आणि वाटलं, चालू झालाच नाही.
टेप न लावता आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.
काही नाही.
इतकं नाही, की भिंतीवरच्या घड्याळाची मला लाज वाटली.

मग ती कॅसेट लावली.
सत्त्याऐंशी सालची नाइट ड्यूटी, भुसावळ.
गुलशेर तडवीची बासरी.
नियमात बसणारी गोष्ट नव्हती.
बासरीच्या मागे रिले पडल्याचा टक
(हा इतकी वर्षं ऐकूच आला नव्हता),
म्हणजे अपची मालगाडी होम सिग्नलच्या आत आली,
आणि गुलशेर श्वास घेतो, बरोबर तिथेच.
मी खुर्चीत पुढे सरकलो.

आणि त्याच्याही खाली, तळाशी,
घूंऽऽ

उठलो. प्लग पाहिला: लांबच.
वायरी हलवल्या. फ्यूज काढून पुसला.
टेप थांबवली, शांत. लावली, घूंऽऽ.
दोन बॅटऱ्या आणून जिला मी घराबाहेर काढलं
ती टेपमध्ये आधीपासून राहायला होती.

गुलशेर आता पालला असतो, सातपुड्यात.
पुढचे दात गेल्यापासून फुंक ठरत नाही.
फोन लावला, स्पीकरसमोर धरला.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग हसला.
"बासरी जाऊ दे चौधरी, तो चार्जर ऐक.
दोन नंबरच्या बँकेचा. कंडेन्सर फुगला होता.
तू रोज म्हणायचास, उद्या बदलतो."

टेपरेकॉर्डर त्या रात्री आम्ही
त्याच बॅटऱ्यांवर लावला होता.
आणि त्या महिन्याच्या रजिस्टरात
दोन नंबरपुढे, माझ्या अक्षरात: ठीक.

बाहेर मोटारी चालू होत्या, पाणी केळीत चाललं होतं,
त्यातलं अवाक्षर माझ्या घरात येत नव्हतं.
टेप मागे नेऊन पुन्हा लावली.
टक. श्वास.
त्याच्याखाली मी.

झोपण्याआधी वहीत लिहिलं:
ग्रॅव्हिटी बाराशे चाळीस.
तिसऱ्या घरात पाणी कमी.
गुणगुण आहे.
दुरुस्ती: उद्या.