एक मिलिग्रॅम

सोनार भिंगातून नथीचा फासा तपासतो
तसं डॉक्टर सिक्वेरांनी माझं डोकं दिव्याखाली वाकवलं.
"किती दिवसांपासून?"
दोन वर्षं, मी म्हणालो.
खरं म्हणजे सात.
सात वर्षं मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये
आरशाकडे पाठ करून उभा राहतो,
फोटोत मागच्या रांगेत जातो.
उंच आहे, म्हणून सगळ्यांना ते रास्त वाटतं.

त्यांनी लिहिलं : फिनास्टराइड, एक मिलिग्रॅम, रोज रात्री.
मग पेनाला टोपण लावलं
आणि घरमालकीण भाड्याच्या अटी सांगते तसं सांगितलं :
सहा महिने फरक दिसणार नाही.
सुरुवातीला उलट जास्त गळतील.
शंभरात एखाद-दुसऱ्याची इच्छा मंदावते; लपवू नका.
मन खचल्यासारखं वाटलं तरी फोन करा.
आणि गोळी सोडलीत, की राखलेलं सगळं जाईल.
मी मान हलवली.
हलवली तेव्हा दोन केस त्या कागदावर पडले,
साक्षीदारांच्या सह्यांसारखे.

वोरा मेडिकल, लेडी जमशेटजी रोड.
माझं ग्राइप वॉटर ज्यांच्याकडून यायचं
त्या वोराशेठनी चिठ्ठी नाकाजवळ धरली
आणि पोटमाळ्याकडे तोंड करून ओरडले,
"फिनास्टराइड टाक रे! पाचवाली नाय, एकवाली!
पाचवाली अण्णांची!"
काउंटरवरची माणसं खोकायची थांबली.

म्हणजे औषध एकच.
भिंतीपलीकडे अण्णा रात्री चारदा उठतात.
सपाता, कडी, मग बराच वेळ काहीच नाही,
मग थेंब थेंब.
मी ऐकतो आणि कूस बदलतो.
त्यांच्या खालच्या अडचणीला पाच,
माझ्या वरच्या अडचणीला एक.

अण्णा सरकारी छापखान्यात खिळे जुळवायचे.
एकोणतिसाव्या वर्षी साफ.
लग्नाच्या फोटोत फेटा, माझ्या बारशाच्या फोटोत टोपी,
मग एक दिवस दोन्ही सोडलं असणार,
कारण पुढच्या सगळ्या फोटोंत
फ्लॅश त्यांच्याच डोक्यावर फुटलेला.
खिशात कंगवा मात्र अजून असतो.
"मिशीला," म्हणतात.

रात्री माठाशी दोघं भेटलो.
त्यांनी माझ्या हातातली स्ट्रिप काढून घेतली,
चष्म्याशिवाय वाचली.
चाळीस वर्षं उलटी अक्षरं वाचलेला माणूस;
बारीक टाइप अजून बोटांनी कळतो त्यांना.
"महाग आहे," म्हणाले. "माझीच एक घेऊन चार तुकडे..."
आणि स्वतःच थांबले.
"नको. तोडायची नाही.
दिवस गेलेल्या बाईच्या हाताला तुटकी गोळी लागता कामा नये.
मला बजावलंय डॉक्टरांनी."

तेव्हा कळलं,
त्यांची गोळ्यांची डबी पाच महिन्यांपूर्वी
फ्रिजवरून उठून बंडीच्या खिशात का गेली,
आणि रोज रात्री हर्षालीने पुसलेला ओटा
ते ओल्या फडक्याने पुन्हा का पुसतात.
आम्ही दोघं त्याला म्हातारचळ म्हणत होतो.
हळू आवाजात, पण म्हणत होतो.

गिळली. त्यांनी पाच, मी एक.
मग माझ्या डोक्याकडे बघत राहिले,
काहीतरी बोलणार होते.
म्हणाले, "माठ भरून ठेव."

पहाटे तीनला सपाता वाजल्या.
"अण्णा?"
"अरे, झोप," आतून.
मग बराच वेळ काहीच नाही.
मी उठून पॅसेजमध्ये उभा राहिलो,
दिवा न लावता, कडी वाजेपर्यंत.

सकाळी उशीवर सतरा.
काल मोजले नव्हते.