समासातला ‘ए’

दाराआड अजून उभी आहे ती चावी,
माझ्या खांद्याएवढी, लोखंडी,
आडव्या दांडीला दोन्ही टोकांशी तळव्यांची चकाकी.
पंचायतीत नेऊन द्या कुणीतरी, आई म्हणते.
चौदा महिने म्हणतेय.

पहाटे साडेचारला आप्पा व्हॉल्व्ह सोडायचे.
आधी बौद्धवस्ती, कारण ती चढावर;
मग मुलाणी गल्ली, सुतारआळी, माळभाग,
आणि सगळ्या समडोळीचे हंडे भरले की आमची बोळ.
आमचीच शेवटी का, हे आईनं एकोणतीस वर्षं विचारलं.
आप्पांनी एकोणतीस वर्षं टॉवेलनं मान पुसली.
नळाला करंगळीएवढी धार.

त्या धारेलाही घरी दुहेरी फडकं.
गाळून झालं की फडकं उलटं करायचं,
गाळल्या पाण्यानंच विसळायचं,
ते विसळण किटलीत घेऊन, सायकलला अडकवून,
वारणेवर जायचं. पाणी वारणेचं, जीवही तिचेच.
वरून ओतायचं नाही, लागेल त्यांना.
गुडघाभर पाण्यात उतरून किटली अलगद कलती करायची.
म्हशी धुणारी पोरं हसायची:
नेमगोंडा पाटील नदीला पाणी पाजायला आले.

मी सातवीत होते. विज्ञानाचं पुस्तक नवं होतं.
‘आप्पा, टाकीत तुम्हीच टीसीएल टाकता.
मग नळातून येतात ते मेलेलेच की.’
आप्पांनी सायकलचं स्टँड काढलं,
परत लावलं.
‘बस, त्रिशला,’ एवढंच म्हणाले,
आणि मला कॅरिअरवर घेऊन
नदीला गेले.

बस्तीच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं त्या साली
शाळेत चारशे माणसं, चौथीच्या वर्गात शेळ्या.
आप्पा पिंपापिंपात पावडर कालवत फिरले,
डोळे लाल, बोटांची सालं निघालेली.
दिवस बुडायच्या आत जेवायचं, तर
ढगांत दिवस कधी बुडाला तेच कळेना;
दस्तगीरचाचा घड्याळ बघून ओरडायचे,
‘पाटील, पावणेसात! दोन घास खा, मी ढवळतो.’
शेजारच्या गावात सलाईनच्या बाटल्या झाडाला टांगल्या होत्या.
आमच्या शाळेत एकही नाही.
पुढं सत्कार झाला. नारळ वाटून खाल्ला,
शाल अजून घडीची.

क्षमावलीला ते दारोदार हात जोडायचे,
बांधावरून कोर्टात खेचणाऱ्या बाबगोंडालाही.
घरी येऊन आमच्यापुढेही. मला लाज वाटायची, मी आत पळायचे.
मग अंधार पडायच्या आत टाकीवर चढायचे,
ब्याण्णव पायऱ्या, एकटेच.
झाकण बघायला जातात, असं आम्ही धरून चाललो.

गेल्या महिन्यात पंचायतीनं जुन्या वह्या रद्दीत काढल्या.
चाचांच्या रफीकनं त्यातल्या अकरा आणून दिल्या.
तारीख. पावडर किती ग्रॅम. सही.
आणि समासात, शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढा
‘ए’.
मंगळवारी ए. शनिवारी ए.
पुराच्या पानावर ओळीनं बावीस.

आईनं चष्मा लावला,
काढला, पदरानं पुसला, परत लावला.
मंगळवार-शनिवार ते एकदाच जेवायचे,
आणि ती कुरकुरायची, जैनाच्या घरात हे कसले वार काढलेत?
एकाशन. टाकीत पावडर पडली की त्या दिवशी एकाशन.
‘तरीच,’ ती म्हणाली.
आणि बऱ्याच वेळानं,
‘मी ती भाकरी गाईला घालायचे.’

आता बटण दाबलं की व्हॉल्व्ह सुटतो.
आमच्या बोळाला सगळ्यांबरोबर, चांगलं जोरात येतं पाणी.
सांगलीत माझ्या ओट्यावर मशीन आहे,
त्याची एक नळी सिंकमध्ये सोडलेली.
परवा ती मी काढली, बादलीत धरली.
भरली बादली.
घेऊन जिन्यात उभी राहिले.
मुलानं विचारलं, कुठं?
स्कूटरची किल्ली सापडत नव्हती.